सात वर्षांच्या पोराला काय कळतंय?

पालकांच्या आणि शिक्षकांच्या गटांवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: पहिली-दुसरीच्या मुलांना स्वतःचं ध्येय ठरवायला आणि स्वतःला तपासायला लावणं हे परदेशी खूळ आहे, काय शिकायचं हे पोराला कळत असतं तर शाळा कशाला हवी, विचारलं की सगळी स्वतःला पैकीच्या पैकी देतात, शिक्षकांनी आपलं काम मुलांवर ढकललंय, दुसरं काही नाही.

काय शिकायचं हे मुलाला कळत नाही, हे मान्य. पण ते त्याला विचारतंय कोण? हातच्याची वजाबाकी शिकायची हे अभ्यासक्रमानं ठरवलेलंच आहे. मुलानं ठरवायचं ते आजच्यापुरतं: किती उदाहरणं करणार, कालची कुठली चूक आज होऊ द्यायची नाही. एवढ्यानं काय होतं, ते अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली तपासलं. वजाबाकीत कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुलं, सात बैठका, 42 पानं. काहींना सांगितलं, रोज सहा पानं करा. काहींना, सातव्या बैठकीअखेर 42 पूर्ण करा. काहींना काहीच उद्दिष्ट दिलं नाही. सहा पानंवाली मुलं वजाबाकीत पुढे गेलीच, त्यांना गणित आवडूही लागलं. बेचाळीसवाल्यांना मात्र त्या लांबच्या उद्दिष्टाचा काही फायदा दिसला नाही. ‘यंदा पहिला नंबर काढायचा’ असं ध्येय चिकटवणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं.

यात सहा पानं मोठ्यांनीच सुचवली होती, हा आक्षेप रास्त आहे. शंक यांनी 1985 मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या सहावीच्या मुलांना आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवू दिलं, तेव्हा ती उद्दिष्ट नेमून दिलेल्यांच्याही पुढे गेली. सहावी म्हणजे दुसरी नव्हे, हे खरं. पण ‘मुलांना जमतच नाही’ हा दावा तरी टिकत नाही.

‘पैकीच्या पैकी’चा मुद्दा सगळ्यात वजनदार, कारण तो निम्मा खरा आहे. लहान मुलं स्वतःविषयी फार आशावादी असतात. आपल्या बाजूचे लोकही इथे घोळ घालतात. शिकण्यावर कशाचा किती परिणाम होतो याची यादी शिक्षण-संशोधक जॉन हॅटी यांनी केली आहे, तिच्यात ‘स्वतः सांगितलेले गुण’ वर दिसतात म्हणून स्वयंमूल्यमापन हा रामबाण उपाय ठरवतात. तो आकडा मुख्यतः विद्यार्थ्यांचा आपल्या गुणांचा अंदाज किती बरोबर निघतो याचा आहे, शिकवण्याच्या पद्धतीचा नाही.

पण मुळात सात वर्षांच्या मुलाला गुण विचारायचेच कशाला? जूनमधलं शुद्धलेखनाचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवा आणि विचारा, काय बदललं? त्याचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून ऐकवा, कुठे अडखळलं ते तोच सांगेल. पुरावा समोर असला की फुशारकीला जागा उरत नाही. मॉन्टेसरीच्या साधनांत हेच आहे. लाकडी दट्टा चुकीच्या भोकात नीट बसत नाही, मूल स्वतःच काढून दुसरीकडे लावतं, बाईंनी ‘चूक’ म्हणायची गरज पडत नाही.

बालशिक्षणाचा हा विचार ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. तेव्हा ‘परदेशी’ या मुद्द्यावर जास्त शाई खर्च करत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रगतिपुस्तकात स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन असावं असं स्पष्ट लिहिलंय.

राहिलं काम ढकलणं. उलट हे वाढीव काम आहे. चांगलं वाचन म्हणजे काय, हे आधी मुलाला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं. ‘मला येतं’ म्हणणाऱ्याजवळ बसून ‘बरं, करून दाखव’ म्हणावं लागतं. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना हे रोज, प्रत्येक मुलाबरोबर जमणार नाही. आठवड्यातून एकदा, एकाच विषयात, पाच-सहा जणांच्या गटाला घेऊन बसावं. बाकीच्यांची पाळी पुढच्या आठवड्यांत.

आणि कार्यपत्रिकेच्या तळाशी हसरा, मख्ख, रडका असे तीन चेहरे छापून ‘एक रंगवा’ म्हणायचं आणि त्यालाच स्वयंमूल्यमापन समजून नोंदवहीत टाकायचं, यावर त्या मजकूरवाल्यांनी हवी तेवढी टीका करावी. माझी काही हरकत नाही.