गोळी कुठली ते सांगता येत नाही

"मागच्या वेळी दिल्या होत्या त्याच चार गोळ्या कापून द्या." सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर हे रोज ऐकतो. जुलाब असोत की लघवीची जळजळ, अनेकांना हवी असते सल्फाची, म्हणजे कोट्रायमोक्साझोल या जंतूंवरच्या औषधाची गोळी. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. "पलीकडचा देतो की!" देत असेल बापडा.

औषध वाईट आहे असं मी म्हणणार नाही. १९३५ साली जर्मनीत डोमाक या डॉक्टरांनी प्रॉन्टोसिल या सुरुवातीच्या सल्फा औषधाचे निष्कर्ष छापले, तेव्हा पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचलंही नव्हतं. सल्फानेच माणसं वाचवली. पण फार थोड्या जणांना ते असं उलटतं की बघवत नाही. आधी ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंड येतं. बहुतेकदा गोळी सुरू केल्यापासून चार दिवस ते चार आठवड्यांत. मग अंगावर लाल चट्टे उठतात आणि भाजल्यासारखी कातडी सुटते. स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा आजार म्हणतात तो हाच. घरचे समजतात उष्णता झाली, नाहीतर गोवर आला, आणि गोळी चालूच ठेवतात. बंद करायची असते ती आधी तीच, आणि तडक दवाखाना गाठायचा.

आणखी एक. बीपीची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं पोटॅशियम सल्फामुळे वाढू शकतं, तेही काही लक्षण न दिसता. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन घेणाऱ्याला रक्तस्रावाचा धोका. विचारतो कोण?

माझा खरा राग कात्रीवर आहे. चार गोळ्या कापल्या की नाव आणि एक्सपायरी दुकानातल्या तुकड्यावर राहते, गिऱ्हाइकाच्या हातात नुसती चकचकीत पट्टी. पुढे अंगावर उठलं की मिरजेला नेतात. डॉक्टर विचारतात, कुठली गोळी घेतली? "पांढरी, मोठी." झालं!

ज्यांना ॲलर्जी निघते ते मग सल्फा म्हणजे गंधकच समजून भलतंच पथ्य धरतात. तासगावचा बेदाणा चालेल का, गंधकाची धुरी दिलेला असतो म्हणे. खुशाल खा. गंधकाच्या धुरीचा या ॲलर्जीशी संबंध नाही. काही दमेकऱ्यांना धुरी सोसत नाही, पण ते प्रकरण निराळं.

गोळ्या कापूनच घ्यायच्या असतील तर अख्ख्या स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. बिलही मागा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. एकदा उठलं असेल त्याने आधारच्या झेरॉक्सवर लाल पेनने लिहून ठेवावं: सल्फा चालत नाही.