'उघडल्याशिवाय सांगता येत नाही': पाँटियाक 400च्या खर्चावरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पाँटियाक 400, म्हणजे जनरल मोटर्सच्या पाँटियाक गाड्यांतले 400 घन इंचांचे आठ सिलिंडरांचे (व्ही-आठ) इंजिन, घरच्या घरी उघडून पुन्हा बांधण्याच्या खर्चाविषयी मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तुम्ही आकडे दिले आहेत आणि माझ्या जुन्या पावत्या काढून पाहिल्याशिवाय त्यांना उत्तर देणे योग्य वाटले नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही ओहायोत राहता आणि तुमच्याकडे हेच इंजिन असलेली 1968ची पाँटियाक जीटीओ गाडी आहे. माझ्या लेखातला 6,400 डॉलरचा तक्ता तुम्ही छापून गॅरेजच्या भिंतीला लावलात आणि प्रत्यक्षात इंजिन सुरू होईपर्यंत 10,150 डॉलर खर्च झाले. तक्ता दिशाभूल करणारा होता, त्यात माझ्या श्रमांची किंमत शून्य धरली होती आणि एवढ्या पैशांत शेव्हरोलेचे तयार इंजिन आणून बसवता आले असते, असे तुमचे तीन आक्षेप आहेत. शिवाय सांगलीत तुमच्या वडिलांच्या जीपचे इंजिन ज्या मिस्त्रीने बांधले, त्याने इतका घोळ कधी घातला नसता, असा टोलाही तुम्ही हाणला आहे.

त्या मिस्त्रीपासूनच सुरुवात करतो. आपल्याकडच्या कोणत्याही मिस्त्रीला खर्च विचारला, की तो हात पुसत एकच वाक्य बोलतो: "उघडल्याशिवाय सांगता येत नाही, साहेब." लहानपणी मला ती गिऱ्हाइकाला अडकवण्याची युक्ती वाटायची. मिशिगनमध्ये येऊन स्वतःचे इंजिन उघडल्यावर कळले, की इंजिनाच्या खर्चाविषयी यापेक्षा प्रामाणिक वाक्य दुसरे नाही. माझ्या तक्त्याची खरी चूक हीच, की तो उघडून मोजलेल्या माझ्या इंजिनाचा होता आणि तसे मी त्यावर लिहिले नव्हते. तो माझ्या ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याची, मोजमापे झाल्यानंतरचा हिशेब होता. तुम्ही तो तुमच्या ब्लॉकला लावलात, आणि लावू नका असे मी कुठेही म्हटले नव्हते.

तुमच्या 3,750 डॉलरच्या फरकात सर्वांत बोचणारी रक्कम 720 डॉलरची आहे. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या, पिस्टनांचा तीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा संच तुम्ही नोव्हेंबरच्या सवलतीत घेऊन ठेवलात आणि तो आजही खोक्यात पडून आहे. हा दोष मी स्वतःकडे घेतो, कारण 'सवलतीच्या दिवसांत पिस्टन घेऊन ठेवावेत' हे वाक्य माझेच आहे. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4.12 इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 3.75 इंच. पन्नास-पंचावन्न वर्षे चाललेला ब्लॉक तीस थाऊने वाढवला की स्वच्छ होतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि त्या भरवशावर मी ते लिहिले. पण तुमचा ब्लॉक आधीच कोणीतरी तीस थाऊ वाढवून ठेवला होता. त्यामुळे तुम्हाला थेट साठ थाऊवर जावे लागले आणि तरीही एका सिलिंडरमधला गंजाचा खड्डा न गेल्यामुळे 250 डॉलर देऊन स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवे नळकांडे, बसवावी लागली.

इथे एक गोष्ट जरा जवळून सांगतो, कारण पुढच्या वाचकाचे 720 डॉलर तिच्यामुळे वाचू शकतील. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, काढल्यावर पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा कडक काळा थर दिसतो. रॉकेलसारख्या द्रावकात भिजवलेल्या फडक्याने आणि पितळी ब्रशने तो पाच मिनिटे घासला, की खालचे अॅल्युमिनियम उघडे पडते. इंजिन पूर्वी बोअर झालेले असेल तर बहुतेक वेळा तिथे '030' किंवा नुसते '30' असा ठसा सापडतो. त्यानंतर सिलिंडरच्या वरच्या काठाखाली, जिथे रिंगांची धाव संपते तिथे, नख फिरवून पाहावे. पायरी नखाला अडली तर झीज बरीच आहे असे समजावे. ही फक्त अटकळ झाली. निर्णय डायल बोअर गेजनेच, म्हणजे सिलिंडरचा व्यास मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणानेच, होतो. मी ज्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक नेला, तिथल्या वयस्कर कारागिराने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा, असा सहा ठिकाणी मोजला आणि ते आकडे खडूने ब्लॉकच्या अंगावरच लिहिले. सहाव्या सिलिंडरशी काटा सात थाऊ सरकला तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहताच विचारले, "पिस्टन घेतले तर नाहीत ना?" मी घेतले नव्हते. त्या दिवशी हातात पैसे नव्हते, एवढेच त्यामागचे शहाणपण.

मोजण्याचा, धुण्याचा आणि तडे तपासण्याचा खर्च मला 260 डॉलर आला होता. तो मी तक्त्यात 'किरकोळ' या सदरात टाकला होता. तो सर्वांत वर, वेगळ्या ओळीत हवा होता आणि त्या ओळीखाली जाड रेघ हवी होती. त्या रेघेच्या वर जे आहे तेवढेच आधी खर्च करावे, आणि उरलेला तक्ता मोजमापे हाती आल्यावर भरावा. साठ थाऊपर्यंत जायचे असेल तर सिलिंडरच्या भिंतींची जाडी ध्वनिलहरींनी तपासून घेण्याचा खर्चही त्या रेघेच्या वरच येतो. तुमच्या कारागिराने ती तपासणी आपणहून केली, हे त्याचे चांगले काम तुमच्या रागात झाकले जाऊ नये.

पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडांच्या बाबतीत मात्र तुमचा राग मला पूर्ण मान्य नाही. तुम्ही नव्या फोर्ज्ड रॉडांवर 380 डॉलर खर्च केलेत आणि माझ्या तक्त्यात रॉडांसमोर शून्य होते, हे खरे. परंतु पाँटियाकचे मूळ रॉड ओतीव आहेत आणि या इंजिनात आधी काय तुटते असे कोणाही जाणकाराला विचारले तर तो रॉडकडेच बोट दाखवतो. जुन्या रॉडांना नवे बोल्ट लावून त्यांची मोठी भोके पुन्हा गोल करून घ्यायची म्हटली, तर मला 240 डॉलर सांगितले होते. म्हणजे खरा फरक 140 डॉलरचा, आणि त्या पैशांत तुमच्या इंजिनाचा सर्वांत कच्चा दुवा निघून गेला. मी माझे जुने रॉड तसेच वापरले. ते मी फुशारकीने सांगायला नको होते. नवे रॉड आणि नवे पिस्टन आले की क्रँकचे बॅलन्सिंग ओघानेच आले. त्याचे 300 डॉलर तक्त्यात नव्हते, तसा विक्रीकरही नव्हता आणि जड भाग पाठवण्याचे भाडेही नव्हते. मिशिगनमध्ये सहा टक्के कर सुट्या भागांवर लागतो आणि तो मी दर वेळी मुकाट्याने भरत होतो. तरीही तक्त्यात लिहायचा राहिला, याला निष्काळजीपणाखेरीज दुसरा शब्द नाही. क्रँक नुसता पॉलिश करण्याऐवजी तुम्हाला घासून घ्यावा लागला, त्याचे वाढीव 180 डॉलर मात्र मोजल्यावरच कळणारे होते.

हेडांवर तुमचे 570 डॉलर जास्त गेले. त्यांपैकी 280 डॉलर आठ एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कठीण सीटांचे, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कड्यांचे, आहेत, आणि याविषयी माझे मत तुमच्या मशीन शॉपपेक्षा वेगळे आहे. जुन्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पातळ थर धरायचे आणि सीट झिजण्यापासून वाचवायचे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 1996च्या सुरुवातीपासून पूर्ण बंद झाली आणि 'कठीण सीट बसवल्याच पाहिजेत' हा पेट्रोलमधले शिसे जाण्याबरोबर आलेला पाठ आहे. रोज महामार्गावर धावणाऱ्या किंवा बोट ओढणाऱ्या गाडीला तो लागू पडतो. वर्षाला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्या जीटीओच्या सीट जर खोल गेलेल्या नसतील, तर त्या नुसत्या घासून घेतल्या तरी बरीच वर्षे टिकतात. उलट जुन्या ओतीव हेडात नवी सीट बसवण्यासाठी खोबण खोदताना पाण्याच्या वाटेला भोक पडण्याची भीती असते. तुमच्या हेडाला काही झाले नाही, हे उत्तम. परंतु ते 280 डॉलर अटळ होते असे मी म्हणणार नाही. व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यांतून सरकतात त्या गाइडांचा उरलेला खर्च मात्र अटळच होता आणि माझी हेडे सुदैवाने चांगली निघाली म्हणून सर्वांचीच तशी निघतील, हे गृहीत धरणे चूक होते.

कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, इंधन पंप, रेडिएटर आणि इंजिनाखालचे रबरी माउंट यांचे 1,050 डॉलर तुम्ही इंजिनाच्या खर्चात धरले आहेत. मी ते वेगळे धरतो. इंजिन बाहेर निघाले की मोकळी जागा दिसते आणि 'आता हात लागलाच आहे तर' हे पाच शब्द सुरू होतात. घराला रंग देताना फरशी बदलण्याची इच्छा होते, तसाच हा प्रकार आहे. रेडिएटर आणि माउंट योग्यच होते. डिस्ट्रिब्युटर पुढच्या वर्षी घेता आला असता. डेट्रॉईटजवळच्या वुडवर्ड मार्गावर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी निघणाऱ्या गाड्यांच्या मेळ्याला गाडी न्यायचीच, असे तुम्ही ठरवले होते, हे तुमच्याच वाक्यावरून दिसते. मे महिन्यानंतर या भागातली मशीन शॉप भरलेली असतात आणि जुलैत घाईने घेतलेली प्रत्येक वस्तू महागात पडते. माझीही एक जुलै अशीच गेली आहे.

शेव्हरोलेच्या तयार इंजिनाविषयी. तुमची गाडी जर मूळ इंजिन हरवलेली, कुठून तरी आणलेला ब्लॉक बसवलेली असती, तर मी तुमच्याशी वाद घातला नसता. परंतु 1968पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो आणि तुमच्या ब्लॉकवर तो गाडीशी जुळतो, असे तुम्हीच लिहिले आहे. तो ब्लॉक गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवून त्याच्या जागी दुसरे इंजिन बसवणे हा आधी गाडीच्या किमतीचा आणि मग तुमच्या इंजिनाचा प्रश्न होतो. शिवाय जाहिरातीतला तयार इंजिनाचा आकडा हा पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या इंजिनाचा असतो. पाँटियाकच्या गिअरबॉक्सचे तोंड आणि शेव्हरोलेच्या इंजिनाची पाठ यांची बोल्टांची ठेवण जुळत नाही. माउंट वेगळे, एक्झॉस्ट वेगळा, अल्टरनेटरचे कंसही वेगळे. तुमच्या 10,150 शी तुलना करायची असेल तर हे सगळे त्या बाजूला मांडून करावी लागेल. आणि पाँटियाकचे स्वतःचे नवे इंजिन कारखान्यातून मिळण्याचा प्रश्नच नाही. ही व्ही-आठ इंजिने 1981मध्येच बंद झाली.

तुमचा श्रमांविषयीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माझ्या वहीत 138 तासांची नोंद आहे. त्यांत सुमारे 300 किलोचे ते धूड दोनदा बाहेर काढण्याचे तासही आहेत, कारण मागच्या मुख्य बेअरिंगची दोरीची सील पहिल्या वेळी मी नीट दाबून बसवली नव्हती आणि इंजिन सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सिमेंटवर बशीएवढा तेलाचा डाग पडला. इथे गॅरेजचा तासाचा दर शंभर डॉलरच्या पुढेच असतो. ते तास माझ्या छंदाचे होते म्हणून मी शून्य लिहिले. ज्याला इंजिन दुसऱ्याकडून जोडून घ्यायचे आहे त्याच्यासाठी ते शून्य खोटे आहे. नव्या तक्त्यात तासांचा वेगळा रकाना असेल.

कॉम्प्रेशनविषयी, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याविषयी, तुम्ही विचारले नाही, तरी एक शब्द लिहितो, कारण पिस्टन निवडण्याआधीचा तो निर्णय आहे. तुमच्या इंजिनाचे मूळ प्रमाण 10.75 होते आणि 350 अश्वशक्तीचा जाहिरातीतला आकडा त्या काळच्या पेट्रोलवर, इंजिन गाडीबाहेर ठेवून मोजलेला होता. आजच्या पंपावरच्या 93 ऑक्टेनच्या पेट्रोलवर, लोखंडी हेडांसह, ते प्रमाण ठेवले तर चढावर इंजिन ठोकू लागण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही खोलगट माथ्याचे पिस्टन घेऊन साडेनऊच्या आत आलात, ते बरोबर केलेत.

आता एक काम तातडीचे. तुमचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा उंचवट्यांचा दांडा, सपाट टॅपेटांचा (उंचवट्यांवर घासत चालणाऱ्या ठोकळ्यांचा) आहे आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर तुम्ही इंजिन 'पाच मिनिटे आयडलवर' चालवले असे लिहिले आहे. या कॅमला सुरुवातीची वीसेक मिनिटे मिनिटाला 2,000च्या आसपास फेरे लागतात, कारण त्याच्या उंचवट्यांना तेल मुख्यतः क्रँकच्या फिरण्यातून उडून मिळते. शिवाय गाड्यांच्या साध्या तेलांत 2004पासून झीज रोखणाऱ्या फॉस्फरसची मर्यादा 0.08 टक्क्यांवर आली आहे, म्हणून तेल जस्त-फॉस्फरस भरपूर असलेले घ्या. व्हॉल्व्ह कव्हर काढून, इंजिन हाताने फिरवत, आठही इनटेक व्हॉल्व्ह एकमेकांइतके आणि आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांइतके उचलले जातात का ते डायल गेजने पाहा. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्यांमध्ये चकचकीत चुरा आहे का तेही पाहा. चुरा दिसला तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, आधी मला कळवा.

आणि त्या तीस थाऊच्या पिस्टनांच्या खोक्यावरचा भाग क्रमांक पाठवा. माझ्या ओळखीच्या एकाने नुकताच 400चा एक ब्लॉक आणला आहे आणि त्याला तुमचे पिस्टन घ्यायचे आहेत. त्याचा ब्लॉक येत्या गुरुवारी मोजायचा आहे. तोपर्यंत पैसे पाठवू नकोस, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.