एकदा माझ्या वर्गात येऊन बसा

काल आणखी एक प्रशिक्षण झालं. भर पावसात वाळपईहून सकाळची पहिली कदंब बस धरली आणि पणजीपर्यंत उभ्यानं आले. हॉलमध्ये आम्ही ऐंशी-नव्वद शिक्षक, माइक एक, पडद्यावर स्लाइडी. विषय काय, तर कृतीतून शिक्षण. मुलांना नुसतं बसवून ऐकवू नका म्हणे. आणि हे सांगायला आम्हाला दुपारपर्यंत खुर्चीवरून उठू दिलं नाही. एकोणीस वर्षं शिकवतेय मी. संताप येतो हो, खरंच येतो.

मी हात वर केला. माझ्या वर्गातल्या तिसरीच्या एका मुलीचं सांगायचं होतं. ५२ मधून २७ वजा करायला दिले की ती ३५ लिहिते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढून मोकळी होते. मी माडाच्या हिरांचे, म्हणजे झावळीच्या काड्यांचे, दहा-दहाचे जुडगे बांधून ठेवलेत. ते हातात दिले की बरोबर एक जुडगा सोडते, सुटे मोजते, "पंचवीस, बाई" म्हणते. वही उघडली की परत ३५! हातातला सुटलेला दशक कागदावर उतरत नाही. मध्ये कुठेतरी मीच काहीतरी बोलायची राहतेय, किंवा नको तेवढं घाईनं बोलतेय. कुठे, ते मला दिसत नाही. शिकवताना स्वतःला बघता येत नाही ना!

उत्तर मिळालं, "मॅडम, वेळ कमी आहे, नंतर बोलू." नंतर भाजी-पाव झाला, बॅनरसमोर फोटो झाला, अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. ते "नंतर" काही आलं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत. माझी त्याला अजिबात हरकत नाही. ५० कशाला, शंभर देते. पण तास मोजायचे म्हणजे काय मोजायचं? रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर मॉड्यूल लावायचं, व्हिडिओ संपेपर्यंत थांबायचं, शेवटचे प्रश्न सोडवायचे, सर्टिफिकेट उतरवून ग्रुपवर टाकायचं. फाइल फुगलीय माझी. या सगळ्यात माझी एक तरी वजाबाकी कुणी पाहिली का?

शिक्षक कसा सुधारतो हे काही गूढ राहिलेलं नाही. जॉइस आणि शॉवर्स या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या सुमारासच सांगितलं होतं, की नुसतं भाषण वर्गापर्यंत पोचत नाही. करून दाखवा, करून घ्या, चुकलं तर सांगा आणि मग प्रत्यक्ष वर्गात सोबत राहा. २०१८ मध्ये ६० अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातही हेच निघालं. शिक्षकाच्या कोचिंगनं, म्हणजे त्याचा वर्ग बघून परत परत सांगण्यानं, शिकवणं सुधारतं, मुलांचं शिकणंही सुधारतं. पण मोठ्या प्रमाणावर राबवायला गेलं की परिणाम उतरतो, हेही त्यातच आहे. म्हणजे माणूस लागतो. ओळखीचा, परत परत येणारा.

तसा माणूस मला एकदाच भेटला. आधीच्या शाळेतल्या आमच्या थोरल्या बाई. एक दिवस वही घेऊन मागच्या बाकावर येऊन बसल्या. दोन तास गप्प. सुटीत मला म्हणाल्या, "तू एकतीस प्रश्न विचारलेस. चोवीसांची उत्तरं पुढच्या त्या तिघांनीच दिली. आणि प्रश्न विचारून तीन मोजायच्या आत तूच उत्तर सांगून टाकतेस गो." चांगलं नाही, वाईट नाही, शेरा नाही. मला रडू यायचं बाकी होतं. पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या, मी थांबते का ते बघायला. मी मनात मोजत थांबायला लागले. तिसऱ्या आठवड्यात भिंतीकडेचा पोरगा बोलला. घरी कन्नड, वाड्यावर कोंकणी आणि पुस्तकात मराठी, अशा तिढ्यात वर्षभर तोंड न उघडलेला. त्या दिवशी त्यानं हात वर केला आणि अख्खं वाक्य बोलला.

माझ्या एकोणीस वर्षांतलं खरं प्रशिक्षण तेवढंच. त्याचं सर्टिफिकेट नाही, फोटोही नाही.

हे काम करायला कुणी नेमलेलंच नाही असंही नाही. बीआरसी, सीआरसी, म्हणजे तालुक्याची आणि शाळांच्या गटाची साधन केंद्रं, कशासाठी आहेत? शाळेत येऊन शिक्षकाला हात द्यायला. पण तिथून आमच्याकडे येणारी मुलगी कंत्राटावर. बिचारीच्या पिशवीत माहितीचे तक्ते कोंबलेले. पट किती, आधार किती, संडास किती. एकदा मी म्हटलं, "बस गो बाय, गणिताचा तास बघ." दाराशीच घड्याळ बघत म्हणाली, "बाई, आज अजून तीन शाळा आहेत, माहिती संध्याकाळपर्यंत पाठवायचीय." तिच्यावर कसला राग काढू? राग आहे तो तिला टपालवाली करून ठेवणाऱ्यांवर.

आणि साहेब येतात ते तपासणीला. साहेब दारात दिसले की माझीच जीभ अडखळते, मुलं पुतळ्यासारखी ताठ होतात. तिथे मी ३५ कसं दाखवणार? झाकूनच ठेवणार! चूक दाखवायला भरवसा लागतो.

मग मी ठरवलं, आपणच बघूया. पलीकडच्या वाड्यावरच्या शाळेतल्या बाई माझ्याहून गणितात हुशार. महिन्यातून एक सकाळ त्यांनी माझ्या वर्गात बसावं, एक सकाळ मी त्यांच्या. वर विचारलं. उत्तर आलं, दोन्ही शाळा एकशिक्षकी, मुलांची सोय कोण करणार?

कालच्या प्रशिक्षणाला आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. दोन्ही शाळांची मिळून सत्तावीस मुलं तिसऱ्याच शाळेत नेऊन बसवली होती दिवसभर. काल बरी झाली सोय!