‘मोकळं सोडा, आपसात मिटवतील’: या सल्ल्याला उत्तर

श्वानप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांत असा निरोप फिरतो: ‘दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणारा कुत्रा पट्ट्यामुळे बिघडतो. मोकळं सोडा, आपसात मिटवतील. मुसकं म्हणजे क्रौर्य. नसबंदी करा, घरात अल्फा (म्होरक्या) कोण ते दाखवून द्या, सुधारेल.’ यातल्या पट्ट्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, बाकीचं ऐकून कुत्रे जखमी होतात.

ताणलेला पट्टा भांडण वाढवतो, हे खरं. कुत्रे एरवी एकमेकांकडे वळसा घेत जातात. पट्टा खेचला की समोरासमोर यावं लागतं आणि मागेही हटता येत नाही. पण यावर उपाय आहे तो अंतर वाढवण्याचा. दीड-दोन मीटरचा साधा, मजबूत पट्टा घ्या. आपोआप लांबणारा नको, ऐन वेळी तो आवरता येत नाही. समोरचा कुत्रा दिसूनही आपला कुत्रा हातातला खाऊ घेतो, ते अंतर शोधा. कुत्रा दिसला की खाऊ, नजरेआड झाला की खाऊ बंद. तोंड घट्ट मिटणं, टक लावणं, अंग ताठणं दिसलं की अंतर कमी पडलंय. भुंकण्याची वाट न बघता तिथूनच वळा.

‘आपसात मिटवतील’ हा सर्वांत घातक भाग. भीतीपोटी हल्ला करणारा कुत्रा प्रत्येक भांडणातून एवढंच शिकतो की दात लावले की समोरचा दूर जातो. पुढच्या वेळी तो आधीच दात लावतो. शिवाय आपल्याकडे रस्त्यावरचे कुत्रे नसबंदी-लसीकरणानंतर नियमानुसार सहसा त्याच भागात परत सोडले जातात, म्हणजे आपण ज्याला सोडतो तो दुसऱ्यांच्या हद्दीत शिरतो. चाव्याची जखम वरून बारीक भोकासारखी दिसते, आत मात्र स्नायू चिरडलेला असतो. त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

मुसक्याबद्दल. तोंड आवळणारं कापडी मुसकं फिरताना घालू नये, हे बरोबर. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. तोंड बंद असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी जीव जाऊ शकतो. जाळीचं मुसकं वेगळं: त्यात तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जाळी नाकाला टेकता कामा नये. सवय लावताना घाई नको. आधी आत खाऊ ठेवा, तोंड त्याचं त्याला घालू द्या, काही दिवसांनी पट्टी लावा, मग वेळ वाढवा. आणि मुसकं घातलंय म्हणून सोडायचं नाही. समोरचा कुत्रा चावलाच तर आपल्या कुत्र्याला प्रतिकार करता येत नाही.

नसबंदी करावी, पण अपेक्षा मोजकी ठेवावी. नरा-नरांतल्या काही भांडणांत फरक पडतो, भीतीतून येणाऱ्या आक्रमकतेत फारसा नाही. अचानक चिडचिड सुरू झाली असेल तर आधी कान, दात आणि सांधे तपासून घ्या. दुखणाऱ्या कुत्र्याला शिकवून काय उपयोग?

अल्फाची कल्पना बंदिस्त लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये अशा लांडग्यांचं वर्णन केलं. ही कल्पना रूढ करणाऱ्यांपैकी लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंबच असतं. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरलं तर तो गुरगुरणं सोडतो, पण चावणं सोडत नाही. धोक्याची सूचना मात्र आपण गमावतो.

तरी भांडण जुंपलंच, तर गळपट्ट्याकडे हात नेऊ नका. मालकाला चावा तिथेच बसतो. बादलीभर पाणी ओता, मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवा. दोघं असाल तर दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय उचलून एकाच वेळी मागे सरका. दात रुतलेले असताना ओढू नका, मांस फाटतं. माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.