एजन्सीची कॉपी येतेच की!

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

आज आमच्या पेपरात बैठक होती. विषय होता सप्टेंबर २०२६ मधल्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेला आपला बातमीदार पाठवायचा का. उत्तर आधीच ठरलेलं होतं. "कशाला? एजन्सीची कॉपी येतेच की. बाकी सगळं मोबाइलवर दिसतं." (कॉपी म्हणजे वृत्तसंस्थेकडून आलेली तयार बातमी.) माना डोलल्या. मीही गप्प बसले, आणि खरी चीड त्याचीच आहे. काय बोलायला हवं होतं ते जिना उतरताना सुचलं. नेहमीप्रमाणे.

तर ऐका. पॅरिस ऑलिम्पिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवर येतो. नेमबाजी होती शातोरूला, पॅरिसपासून पावणेतीनशे किलोमीटर लांब. ऑस्टरलित्झ स्टेशनवरून रेल्वेने दोन तास आणि वर बसची वाट. "मजा आहे बाई तुझी, पॅरिस फिरतेस!" म्हणणाऱ्या सगळ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

तिथे माझ्या शेजारी एक युक्रेनचा बातमीदार बसायचा. पन्नाशी उलटलेला, जाड भिंगांचा चष्मा, इंग्रजी माझ्याहूनही मोडकं. ओळख झाली ती प्लगवरून. फ्रान्समधल्या सॉकेटमधून एक दांडी बाहेर आलेली असते, माझा ॲडॉप्टर काही केल्या बसेना. गड्याने काही न बोलता स्वतःचा उपसला आणि माझ्यापुढे ठेवला. मग विचारलं, "कुलिश माहीत आहे?" माहीत नसायला काय झालं! रिओ २०१६, दहा मीटर एअर रायफल. शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा शॉटमध्ये, याच सेर्ही कुलिशपुढे अभिनव बिंद्रा हरला आणि चौथ्या नंबरवर राहिला. म्हटलं, "तुमच्या माणसाने आमचं पदक नेलंय, अजून विसरले नाही." तो इतका हसला की स्वयंसेवक मुलगी आम्हाला गप्प करायला आली. आमच्या धंद्यातल्या बऱ्याचशा दोस्त्या अशाच जुन्या उधारीवरून सुरू होतात.

१ ऑगस्ट २०२४. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल, सकाळी साडेनऊला. आपला स्वप्नील कुसाळे, कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, पात्रता फेरीत सातवा आलेला. फायनलमध्ये नीलिंगनंतर, म्हणजे गुडघ्यावर बसून मारल्यावर, सहावा; प्रोननंतर, म्हणजे पालथं पडून मारल्यावर, पाचवा. मला धड श्वास घेता येत नव्हता. आणि हा शेजारी मांडीवर मोबाइल उघडा ठेवून बसलेला! मला रागच आला. तुझा माणूस फायनलमध्ये आहे आणि तू मोबाइल कसला बघतोस?

मग स्क्रीन दिसली. त्यावर युक्रेनचा नकाशा होता. हवाई हल्ल्याचा इशारा आला की त्या ॲपवर तो भाग लाल होतो. त्याचा भाग लाल होता. घरी बायको आणि गुडघे गेलेली सासू, तळघर चार मजले खाली. तो पेन्सिलीने कुलिशच्या शॉटचे गुण दशांशापर्यंत वहीत टिपायचा, एक नजर नकाशावर टाकायचा आणि पुन्हा पुढचा शॉट टिपायचा. चाळीसच्या वर शॉट! वहीत एक खाडाखोड नाही.

स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने मारताना, स्वप्नील वर सरकत गेला. मी शेजाऱ्याचा दंड घट्ट धरला होता, ते नंतर लक्षात आलं. स्वप्नील तिसरा ठरून थांबला, ब्राँझ पक्कं झालं, मी रडले. शेवटच्या शॉटला रेंजवर दोघेच उरले होते, चीनचा लिऊ युकुन आणि कुलिश. आणि मी मनात कुलिशला दहाच्या वर मार म्हणत होते. मैत्री झाली की बातमीदाराची धार जाते म्हणतात. जात असेल. त्या दिवशी माझी गेली आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

एजन्सीची कॉपी मी नंतर वाचली. लिऊ युकुन ४६३.६, कुलिश ४६१.३, कुसाळे ४५१.४. सगळं बरोबर होतं, एक दशांश इकडचा तिकडे नाही. पण 'रौप्य युक्रेनला' एवढ्यावर ती पुढे गेली. मांडीवरचा नकाशा त्यात कुठून येणार? एजन्सीचा दोष नाही, तिचं काम तिने केलं. माझं काम वेगळं आहे आणि ते काय, हे आज त्या खोलीत कुणालाच आठवत नव्हतं.

हो, खर्च होतो. दौऱ्यावर जाऊन नुसते सेल्फी टाकणारे महाभागही मी पाहिलेत. टीव्हीवर आमच्यापेक्षा जास्त दिसतं हेही खरं, आम्हाला नेमबाजांच्या पाठी तेवढ्या दिसतात. झालं समाधान?

नंतर मिक्स्ड झोनकडे, म्हणजे खेळाडू पत्रकारांशी बोलतात तिकडे, जाताना मी शेजाऱ्याला सांगत होते की स्वप्नील रेल्वेत टीसी आहे. त्याला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. "म्हणजे तिकीट बघणारा? मी विनातिकीट बसलो तर हा मला पकडणार?" म्हटलं, पकडणारच, आणि नेम चुकायचा नाही. मग त्याला खाशाबांचं सांगितलं. हेलसिंकी, १९५२, कुस्तीतलं ब्राँझ, आणि त्यानंतर मराठी माणसाला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला लागलेली ७२ वर्षं. "खा-शा-बा" असं तीन वेळा म्हणून त्याने वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची बातमी दाखवली. मला एक अक्षर वाचता येईना. त्याने बोट ठेवलं, "हे बघ, खाशाबा."

युक्रेनियन बातमीत खाशाबा छापून आले. माझ्या बातमीत त्या नकाशाच्या दोन ओळी होत्या, त्या डेस्कने, म्हणजे ऑफिसात बातम्या संपादणाऱ्यांनी, कापल्या. जागा नव्हती म्हणे. मी भांडले नाही. पदकाच्या दिवशी कोण भांडतं? पण आज वाटतंय, तेव्हाच भांडायला हवं होतं. आपणच एकेक ओळ सोडत गेलो, म्हणून आज कुणीतरी आरामात विचारतो की माणूस कशाला पाठवायचा.

जाऊ दे. आत्ता तेवढा राग नाही उरला.

नागोयाला तो तसाही नसणारच, युक्रेन थोडंच आशियात आहे. आमची भेट आता लॉस एंजेलिसला, २०२८ मध्ये, तेही दोघांना कुणी पाठवलं तर. त्या संध्याकाळी शातोरूच्या स्टेशनवर मी त्याच्याकडून ते ॲप घेतलं आणि त्याचा भाग निवडून ठेवला. घरचे वेड्यात काढतात. रात्री दोनला भोंगा वाजायला लागला, तेव्हा आवाज बंद केला. ॲप काढलं मात्र नाही. भाग लाल झाला की मी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवते, तो अधिकचं चिन्ह पाठवतो. त्यांच्याकडे 'ठीक आहे' असं सांगायची ती पद्धत आहे.

ही पोस्ट लिहायला घेतली तेव्हा भाग लाल झाला होता. प्रश्नचिन्ह पाठवून वीस मिनिटं झाली. चार मजले उतरायचे आणि सासूचे गुडघे तसले, वेळ लागतो कधी कधी.