रया गेलेला दरबार आणि सानेताका

लेख छान आहे, पण जपानी दरबारी उमराव म्हणजे रेशमी झगे, चांदण्यातल्या कविता आणि ऐषआराम, हे तुम्ही रंगवलेलं चित्र हेइआन काळाचं (आठव्याच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंतचं). पंधराव्या शतकात या घराण्यांची पार रया गेली होती. सान्जोनिशी सानेताका (१४५५–१५३७) या दरबारी उमरावाचंच बघा. १४७४ पासून साठाहून जास्त वर्षं त्यांनी रोजनिशी लिहिली. ओनिन युद्धात (सरदारांमधली यादवी, १४६७–७७) राजधानी क्योतोचा मोठा भाग जळाला, जहागिऱ्यांचा वसूल वाटेतच स्थानिक सरदारांनी गिळला. मग या विद्वान माणसाने अक्षराच्या जोरावर संसार ओढला. ग्रंथांच्या नकला करून द्यायच्या, त्याही पैसेवाल्या सरदारांना! ‘गेंजी’ या हेइआन काळातल्या गाजलेल्या कादंबरीची स्वतःची प्रतसुद्धा विकावी लागली, हे वाचून पोटात तुटतं. खुद्द सम्राटाची तीच गत. १५०० साली गो-त्सुचिमिकादो वारले, तर पैशाअभावी अंत्यसंस्कार महिनाभराहून जास्त रखडले.

आणि एवढ्या ओढगस्तीतही सानेताका सामान्य घरातून आलेल्या सोगी या कवीपुढे शिष्य म्हणून बसले, ‘कोकिनशू’ या जुन्या कवितासंग्रहाच्या अर्थाची गुप्त परंपरा शिकले, पुढे मुलालाही दिली. त्यांच्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.