भरतीला जाताय? मग नोटिफिकेशन चुकूनही वाचू नका

अग्निवीर भरतीची तयारी करणारी पोरं, त्यांचे आईबाप, अकॅडमीचे सर आणि पारावरचे जाणकार, सगळ्यांना नमस्कार. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणं आता पुरे करा. भरतीतून रिकाम्या हाताने घरी यायला दम कमी पडावा लागतो, हा जुना समज झाला. हल्ली एक कागद पुरतो.

गेल्याच महिन्यात एक पोरगं असं परत आलं. 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 22 सेकंदांत, बीमवर 10 पुलअप्स, खड्डा पार, उंची-छाती बसली. कागदपत्रांच्या टेबलावर अविवाहित असल्याचा दाखला निघाला. त्यावर फोटो होता. फोटोवर शिक्का नव्हता. जांभळा गोल शिक्का दोन इंच खाली, सहीच्या शेजारी, ऐटीत बसला होता. उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करून आणा, एवढी सवलत मिळाली. ग्राउंडपासून गाव दीडशे किलोमीटर, शिक्का कुलपात, आणि कुलपाची किल्ली तालुक्याला मीटिंगला गेलेली. झालं.

असं यश सगळ्यांच्या वाट्याला यावं म्हणून हे मार्गदर्शन. फी नाही.

पहिली गोष्ट, नोटिफिकेशन वाचू नका. ते सैन्याच्या भरतीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, म्हणजे त्यात काही दम नसणार. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी भरती कार्यालयं आहेत, प्रत्येकाचे जिल्हे ठरलेले. कोल्हापूरकडे सातारा-सांगली-सोलापूर आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहेत आणि अख्खा गोवाही आहे. तुम्ही मात्र व्हॉट्सअपवर फिरत आलेलं, कुठल्याही कार्यालयाचं, कुठल्याही वर्षाचं पीडीएफ प्रमाण माना. तेही उघडू नका. खाली कुणीतरी ‘भावांनो कागदपत्रे तयार ठेवा’ असं लिहिलेलं असतं, तेवढं बास.

फॉर्म शेवटच्या दिवशी भरा, आणि कॅफेवाल्याकडूनच. ईमेल त्याचा, मोबाईल नंबर त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. म्हणजे प्रवेशपत्र आल्याचं आधी त्याला कळेल, आणि तो सांगेल तेव्हा तुम्हाला. परीक्षेची फी 250 रुपये आहे; त्यापुढे तो जे घेतो तो मान. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर फॉर्म भरताना घरीच राहू द्या. बोनस गुण काय, नंतर तोंडी सांगता येतील.

लेखी परीक्षेची काळजी नको. 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी आणि मग मैदान, असा क्रम झाला आहे. त्यामुळे वर्षभर फक्त मैदानच मारा. जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या पदाला, एका तासात 50 प्रश्न, बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीच्याला अर्धा वजा. चार चुकांत एक बरोबर उत्तर वाहून जातं, तेव्हा येत नसेल तिथेही ठोकून द्या. 2025 पासून पेपर मराठीतूनही देता येतो. तरी इंग्रजीच निवडा, छाप पडते.

आता नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर वडिलांचं नावच गायब. वडील एका कागदावर शंकर, दुसऱ्यावर शंकरराव. आईच्या नावाच्या स्पेलिंगात एकीकडे आय, दुसरीकडे डबल ई. हे सगळं जसंच्या तसं राहू द्या. दहावीचा कागद पाया धरून बाकीचे सहा महिने आधी त्याला जुळवून घेणं हा भित्र्या माणसांचा उद्योग. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून त्या सगळ्या संधी घाईघाईत, चुकीचा पुरावा जोडून आधीच वापरून टाका.

टॅटू काढायचाच तर दंडावर, मोठा, ‘फौजी’ असा.

कागदपत्रांची फाइल रॅलीच्या, म्हणजे मैदानी भरतीच्या, आदल्या आठवड्यात सुरू करा. यादी किरकोळ आहे: वय-राष्ट्रीयत्व-अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, शाळेचा चारित्र्य दाखला, सरपंचांचा चारित्र्य दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, 10 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या मूळ प्रती, साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच, पांढऱ्या पार्श्वभूमीचे 20 फोटो. फोटो तीन महिन्यांच्या आतले हवेत आणि कॉम्प्युटरवर सजवलेले चालत नाहीत, म्हणून स्टुडिओवाल्याला आवर्जून सांगा की अंगावर कोट चढव, गाल जरा गोरे कर. सरपंचांचे दाखले सहा महिन्यांच्या आतले आणि फोटोसह लागतात. मागच्या भरतीचे जपून ठेवलेत ना? तेच न्या.

शाळेत जा. तिथे ऐकायला मिळेल की आमच्या दाखल्याच्या नमुन्यात फोटोला जागा नाही. जागा नाही! कोपऱ्यात दोन बोटांएवढी जागा मोकळी असते, तिथे फोटो चिकटवायचा, अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल असा मारायचा, सही करायची. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. पण नाही, ‘आम्ही असंच देतो, बाकीची पोरं नेतात की’. नेतात, आणि टेबलावरून परत येतात, ते सांगायला शाळेत कोण जातं? मग ग्रामपंचायत. ग्रामसेवकाला 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, खुर्ची पूर्वीइतकीच रिकामी. त्यांच्याकडे दोन-तीन गावं, त्यामुळे आज इथे नाहीत, उद्या तिथे नाहीत. सरपंचबाईंची सही हवी तर त्यांचे यजमान भेटतात, आणि यजमानच सही करायला निघतात. टायपिस्टकडे प्रतिज्ञापत्राला जा. नोटिफिकेशनच्या शेवटी नमुना छापलेला असतो, शब्दाला शब्द तसाच हवा. टायपिस्टच्या कॉम्प्युटरवर गॅझेटमध्ये नाव बदलायच्या प्रतिज्ञापत्राची फाइल उघडी असते, त्यातच तो नाव घालून देतो आणि वर म्हणतो, सगळीकडे हेच चालतं. 10 रुपयांचा स्टॅम्प मागितला तर व्हेंडर असा बघतो, जणू तुम्ही चार आण्याचा चहा मागितला. अधिवासाला सेतूत जा: सर्व्हर डाऊन. दुपारी या. दुपारी सर्व्हर वर, साहेब खाली. आणि हे सगळं ज्या पोराला करायचं आहे, ते पहाटे पळतं, दिवसा कुणाच्या तरी शेतात नाहीतर गॅरेजात राबतं, संध्याकाळी बीमला लटकतं. त्याने एकेका शिक्क्यासाठी चार-चार हेलपाटे घालायचे, आणि चुकलं तर चूक त्याचीच! त्याला काय माहीत शिक्का कुठे मारायचा असतो? शिक्का मारायचा पगार दुसऱ्या कुणाला तरी मिळतो ना?

असो. मार्गदर्शन चालू ठेवू.

प्रवेशपत्र शाई संपत आलेल्या प्रिंटरवर, छोटं करून काढा आणि चार घड्या घालून खिशात ठेवा. गेटवर बारकोड स्कॅन झाला नाही की स्वतःच निरागस चेहरा करून उभे राहा.

धावण्याबद्दल फार सांगत नाही, कारण याबाबतीत पोरांना सगळं येतं. 1.6 किलोमीटर म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांत यायचं तर फेरीला साडेब्याऐंशी सेकंद पडतात. तुम्ही पहिलीच फेरी सत्तरमध्ये मारा, गर्दीतून सुटण्यासाठी, म्हणजे तिसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतील. साडेपाचच्या आत आलात तर 60 गुण. 5 मिनिटं 31 सेकंदांना 48. त्या एका सेकंदाचे 12 गुण रॅलीच्या दिवशी नवेकोरे बूट घालून सहज घालवता येतात. रॅलीला रात्री एक-दोनलाही हजर व्हावं लागतं, म्हणून सराव कायम सकाळी सातला, पोटभर पोहे खाऊन करा. बीम 10 काढले तर 40 गुण, 9 ला 33. अकॅडमीत मित्र मोजतात तसे काढा, हात अर्धवट सरळ, पाय झटकत. तिथला हवालदार मित्र नसतो, तो तसले मोजत नाही, पण हे तिथे गेल्यावरच कळू द्या. नऊ फुटी खड्डा आणि नागमोडी बॅलन्स यांना गुणच नाहीत. फक्त जमलं नाही तर बाहेर. म्हणून त्यांचा सराव नको.

छाती 77 आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. पोट फुगवा.

इंजेक्शन घेऊन पळा, मग ग्राउंडवरची ॲम्ब्युलन्स तरी कामाला येईल.

मेडिकलची तयारी म्हणून काहीही करू नका. कानातला मळ तसाच राहू द्या. गावच्या दवाखान्यात दहा मिनिटांत निघतो, पण मग मिलिटरी हॉस्पिटलची फेरी कशी घडणार? दातांना निदान 14 डेंटल पॉइंट, म्हणजे धड दातांचे गुण, लागतात, तेव्हा मावा सोडू नका. गुडघे एकमेकांना घासतात का, तळपाय सपाट आहे का, पिंडरीवर निळ्या शिरा फुगल्यात का, हे आरशासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. मूळव्याध, हायड्रोसिल यांचं नाव घरात काढायची तर लाजच. आणि रंगांधळेपणा! डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक असतं, त्यातले आकडे वाचून दाखवायचे. दहावीला असताना हे कळलं असतं तर पोराने चार वर्षं दुसऱ्या कशात घातली असती. पण आपण ते विसाव्या वर्षी, मेडिकलच्या रांगेत, चड्डीवर उभं राहून कळून घ्यायचं.

शेवटचा आणि हमखास उपाय: ओळख. प्रत्येक तालुक्यात एक ‘साहेब’ असतो, रिटायर, काळा गॉगल, ‘आतून काम’ करणारा. त्याला पैसे द्या, तारण म्हणून मूळ गुणपत्रिकाही द्या. त्याचा धंदा समजून घ्या, फार सोपा आहे. दहा पोरांकडून पैसे घ्यायचे, काही करायचं नाही. दहातली दोन-तीन पोरं स्वतःच्या पायावर पास होतात. त्यांचे पैसे खिशात, बाकीच्यांचे हात जोडून परत. परत मिळाले म्हणून नापास पोराचा बापसुद्धा चार लोकांत सांगतो, माणूस इमानदार आहे. पुढच्या वर्षी वीस पोरं. आणि रॅलीच्या दिवशी मूळ गुणपत्रिका लागते तेव्हा साहेबांचा फोन बंद. काही अकॅडम्याही फी राहिली की कागद अडकवून ठेवतात, तेव्हा तो मानही साहेबांना एकट्यांना देऊ नका.

आता पुरे झाला उपरोध.

‘पुढच्या भरतीला बघू’ असं पोराच्या पाठीवर हात ठेवून सांगणाऱ्यांनो, पुढची भरती तुमच्या खिशात आहे का? 2020 नंतर कोविडमध्ये दोन वर्षं बरेचसे मेळावे झालेच नाहीत. ज्यांची मैदानी आणि मेडिकल दोन्ही झाली होती ते लेखीची वाट बघत बसले, लेखी पुढे पुढे गेली, आणि जून 2022 मध्ये अग्निवीरांची ही अग्निपथ योजना आली तशी ती अख्खी प्रक्रियाच रद्द झाली. सरकारने वयाची अट त्या एका वर्षापुरती 23 केली, तरी कित्येक जण कायमचे बाहेर राहिले. आता चार वर्षांची नोकरी आणि त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढे कायम. योजना बरी की वाईट यावर पारावर खुशाल भांडा. पण साडेसतराव्या वर्षापासून मोजक्याच संधी मिळणाऱ्या पोराची एक संधी तुमच्या शिक्क्याच्या जागेवरून जाते, त्यावर कुणी भांडत नाही.

ज्या मुलखात गावांची नावंच अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळी अशी आहेत, तिथे 26 जानेवारीला माजी सैनिकांना नारळ-शाल देता, पोस्टरवर शहिदांचे फोटो लावता. आणि जायला निघालेल्या पोराला म्हणता, सोमवारी ये?

अकॅडमीवाल्यांनो, महिन्याला फी घेता ना? मग नोटिफिकेशन आलं त्या संध्याकाळी पोरांना ओळीत बसवा आणि ते पान पान वाचून दाखवा. प्रत्येकाची फाइल स्वतः उघडून बघा. अडकवून ठेवलेले कागद आज परत करा. फी नंतर मागता येते. मुख्याध्यापकांनो, नमुन्यात जागा नसेल तर करा. आणि ग्रामपंचायतीतल्या साहेब, तुमच्या गावातली किती पोरं भरतीला निघालीत हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, रोज सकाळी तुमच्याच दारावरून पळत जातात. त्यांना एका दिवशी बोलवा, फोटो घेऊन. शिक्का फोटोवर मारा. अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. खाली तारीख टाका.